पितरांचा टाइमझोन

वडील गेले तो क्षण एकच. हैदराबादेत आबिड्समध्ये नोंदवा नाहीतर न्यू जर्सीत, तो बदलत नाही. श्राद्ध मात्र मी बुधवारी करायचं आणि धाकट्याने तिकडे मंगळवारी, असं गुरुजींनी सांगितलं आणि धाकटा वैतागला. "दादा, आम्ही तुमच्या साडेनऊ तास मागे. आमचं आधी कसं येईल?"

माझं पोट प्रोग्रॅम लिहिण्यावर चालतं, म्हणून हा पेच ओळखीचा. दोन वेळांची तुलना करायची तर दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणायच्या. एकीला झोन आहे आणि दुसरीला नाही, अशा जोडीत आधीची कोणती म्हणून विचारलं तर पायथन सरळ एरर देतं. बरोबरच आहे, कुठली ते सांगितल्याशिवाय 'दुपारचे तीन' हा नुसता आकडा. पण यूटीसी सगळीकडे लावूनही चालत नाही. जावास्क्रिप्ट '2024-09-20' अशी नुसती तारीख यूटीसीतली मध्यरात्र धरतं, आणि अमेरिकेतल्या पडद्यावर वाढदिवस आदल्या दिवशी येऊन बसतो. क्षण सगळ्यांचा असतो, दिवस ज्याचा त्याचा.

धर्मशास्त्राने हे दोन्ही वेगळे ठेवलेत. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी सरते, पृथ्वीवर सगळीकडे एकाच क्षणी. श्राद्धाला मात्र ती अपराह्णात असावी लागते. सूर्योदय ते सूर्यास्ताचे पाच भाग करा, त्यातला चौथा तो अपराह्ण, आणि सूर्य करणाऱ्याच्या गावचा. समजा तिथी मंगळवारी आपल्या संध्याकाळी 5 ला लागली आणि बुधवारी दुपारी 3 ला संपली. पितृपक्षात हैदराबादचा अपराह्ण साधारण दीड ते पावणेचार, म्हणजे आमचा बुधवार. न्यू जर्सीत ती मंगळवारी सकाळी साडेसातला लागली, बुधवारी उजाडायच्या आत संपलीसुद्धा. त्याला मंगळवारच.

1906 पासूनची भारतीय प्रमाणवेळ यात फक्त आकडे लिहायच्या कामाची. ती 82.5 अंश रेखांशाची. आबिड्सचा सूर्य तिच्या सरासरी 16 मिनिटं मागे. आणि याच शहरात मशिदीतली तारीख सूर्यास्ताला बदलते, तिथे मध्यरात्रीला कोण विचारतो!

धाकट्याला व्हिडिओ कॉलवर दोघांचं एकदमच उरकायचं होतं. मला ते पटत नाही. त्याच्या पहाटे माझ्या पिंडांकडे बघत बसून त्याचं श्राद्ध होत नाही. "पण बाबांच्या लेखी खरा दिवस कोणता?" तो अडून बसला. प्रश्न रास्त होता. मनुस्मृतीत पितरांचं अहोरात्र माणसाच्या एका महिन्याचं सांगितलंय, कृष्णपक्ष त्यांचा दिवस आणि शुक्लपक्ष रात्र. आपला अख्खा दिवस म्हणजे त्यांची 48 मिनिटं. त्याच्या आणि माझ्या श्राद्धात 14 तास, तिकडे अर्धा ताससुद्धा नाही.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "ठीक आहे, मंगळवारची रजा टाकतो. तीळ इथे मिळतात, दर्भाचं काय करू?"