'बहिष्कार' : एका शब्दाची दुहेरी वंशावळ

'बॉयकॉट' या शब्दाला मराठीने 'बहिष्कार' हा पर्याय दिला, तेव्हा केवळ भाषांतर घडले नाही. दोन भिन्न व्यवहार एका संज्ञेखाली आले. इंग्रजी शब्दाची जन्मकथा परिचित आहे. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटशी १८८० साली कुळांनी, गड्यांनी, दुकानदारांनी संबंध तोडले. पीक काढण्यास बाहेरून पन्नासएक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणार्थ पिकाच्या मोलाच्या कित्येक पट खर्चून सैन्य. विशेषनामाचे क्रियापद झाले. (कृती अर्थातच जुनी. गुलामांच्या श्रमाची साखर १७९१ मध्ये नाकारणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांचे या शब्दावाचून काही अडले नव्हते.)

मराठीत शब्द आधीपासून होता, आणि तो जातिसत्तेचा होता. बोलीत 'वाळीत टाकणे'. शिष्ट समाजात त्यातून उद्भवणारे तंटे म्हणजे 'ग्रामण्य'. वंगभंगानंतर टिळकांनी स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या पंक्तीला 'बहिष्कार' बसवला. हेच टिळक १८९० मधील पंचहौद मिशनच्या चहापानावरून स्वतः ग्रामण्यात सापडले होते. शब्द राष्ट्रीय झाला. त्याची जुनी सत्ता गावकुसापाशी तशीच राहिली. १९२७ मध्ये आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते या संदर्भात वाचले पाहिजे. 'बहिष्कार' हे भाववाचक नाम कर्त्याला झाकते. 'बहिष्कृत' हे कृदन्त ज्याच्यावर क्रिया घडली त्याला समोर उभे करते.

मग दुर्बळांचा बहिष्कार न्याय्य आणि सबळांचा अन्याय्य, असे म्हणून सुटका करून घेता येईल काय? मला तसे वाटत नाही. पार्नेलने १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील भाषणात जो एकाकी पाडावयाचा म्हटला, तो जमीनदार नव्हता; बेदखल झालेल्या कुळाची जमीन घेणारा दुसरा शेतकरी होता. आणि त्यासाठी पार्नेलने योजलेली उपमा महारोग्याची होती. म्हणजे निषेधाच्या आधुनिक शब्दाच्या मुळाशीही अस्पर्शतेचीच प्रतिमा आहे. विदेशी कापड न घेणारा ग्राहक स्वतःची खरेदी रोखतो. गाव जेव्हा दलिताला पाणी, काम आणि वाण्याचे दुकान बंद करते, तेव्हा ते त्याचे जगणे रोखते. भेद शोधावयाचा तो येथे, रोखलेल्या गोष्टीवाचून समोरच्याचे काय होते यात. कर्त्याच्या हेतूत तो सापडत नाही.

आंबेडकरांना हा भेद कायद्याच्या भाषेत हवा होता. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. तिच्यातील कलमांसाठी आधार घेतला तो ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. तो कायदा वसाहती शासनाने राष्ट्रवादी चळवळीला आवर घालण्यासाठी केला होता. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावयास २०१६ साल उजाडले.