परका पैसा, परका माणूस

अमेरिकेत परदेशी नागरिकाने उमेदवाराला पैसा देणे हा गुन्हा आहे. पण सार्वमतात उमेदवार नसतो, प्रश्न असतो. तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाने २०२१ साली निर्वाळा दिला की अशा सार्वमताला ही बंदी लागू नाही. मग राज्ये स्वतःच कायदे करू लागली.

मेन राज्याचेच पाहा. तिथल्या जंगलातून वीजवाहिनी न्यायची की नाही, यावर २०२१ मध्ये मतदान झाले. वाहिनी व्हावी म्हणून क्वेबेक सरकारच्या मालकीच्या हायड्रो-क्वेबेक या कॅनडातील कंपनीने दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. लोकांनी तरीही नकार दिला. पुढे २०२३ मध्ये परदेशी सरकारांचा पैसा बंद करण्याच्या बाजूने सुमारे ८६ टक्के मते पडली. हा संताप मला रास्त वाटतो. झाडे तोडली जाणार मेनची, नफा जाणार क्वेबेकला. मात्र ज्या कंपनीत परदेशी सरकारचा पाच टक्के वाटा आहे, तिचेही तोंड या कायद्याने बंद केले. तिचे बाकीचे भागधारक अमेरिकनच असू शकतात. म्हणून न्यायालयाने २०२४ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबवली आणि २०२५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले.

कंपनीचे काय व्हायचे ते होवो, माझा सवाल माणसाचा आहे. ओहायोने २०२४ च्या कायद्यात ग्रीन कार्डधारकालाही परदेशी ठरवले. त्यात आपले मराठी लोकही आले. कर भरतात, मुले तिथल्याच शाळेत जातात. राज्यव्यापी सार्वमत असेल, तर त्यांनी पदरचे पैसे घालून प्रचार करायचा नाही! एका न्यायाधीशाने त्यांच्यापुरती ही बंदी रोखली होती. अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली.

आपल्याकडे मुसाफिर आणि मुकीम असा भेद आहे. हनफी मताप्रमाणे एखाद्या गावी पंधरा दिवस राहण्याची नियत केली की मुसाफिराची सवलत संपते, पूर्ण नमाज लागू होते. कोकणातल्या शाफई मंडळींना तर चारच दिवस पुरतात. हा काही मतदानाचा नियम नव्हे. पण राहण्याच्या नियतीने माणूस त्या गावचा होतो आणि जबाबदारीही त्याच क्षणी येते, ही समज त्यात आहे. ओहायोने जबाबदारी तेवढी ठेवली. ग्रीन कार्डवरच्या अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणाचे नाव अमेरिकेच्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या यादीत असावेच लागते.