आधी क्षमा, मग धडा



माणूस चुकांतून शिकतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणूनही ते लिहिलेले असते. पण जरा आजूबाजूला पाहिले, तर ते सरसकट खरे वाटत नाही. पुष्कळ माणसे तीच चूक पुन्हा पुन्हा करतात. वडिलांच्या माराच्या भीतीने प्रगतिपुस्तक लपवणारा मुलगाही चुकीतून काही तरी शिकतो, पण काय शिकतो? पुढच्या वेळी ते कुठे लपवायचे एवढेच. गणित त्याला येत नाही ते नाहीच.

चूक आपण होऊन कोणालाही शहाणे करीत नाही. मग चुकीतून शिकण्यासाठी आणखी काय लागते? माझे उत्तर असे की, त्यासाठी क्षमा लागते, आणि तीही आधी लागते.

आपला व्यवहार नेमका उलटा चालतो. एखाद्या घरातील तरुण मित्राच्या भरवशावर धंद्यात पडतो, कर्ज करतो, आणि ते फेडण्यासाठी वाडीचा तुकडा विकावा लागतो. अशी घरे आपल्या ओळखीत असतील. भाऊ म्हणतात, "आधी सुधारून दाखव, मग बघू." हे बोलणे न्यायाचे वाटते. घामाची जमीन गेल्याचे दुःख खोटे नसते. पण त्या तरुणाच्या मनात काय चालले आहे ते पाहा. सकाळ-संध्याकाळ तो स्वतःचा वकील झालेला असतो. मित्राने फसवले, बँकेने घाई केली, घरच्यांनी वेळेवर मदत केली नाही. यातले काही खरेही असेल. परंतु 'माझा हव्यास नडला' हे एक वाक्य तो उच्चारू शकत नाही, कारण तेवढे कबूल केले की उरलेले सगळे आपल्याच डोक्यावर येणार, ही त्याला खात्री असते. ज्याला सतत बचाव करावा लागतो, त्याला स्वतःची तपासणी करता येत नाही. आपल्याला घराबाहेर काढणार नाहीत, हा भरवसा असलेला माणूसच आपली चूक हातात घेऊन नीट न्याहाळू शकतो.

शुभवर्तमानात दोन शिष्यांची चूक शेजारी शेजारी मांडलेली आहे. यहूदा इस्कार्योताविषयी आपण एक गोष्ट विसरतो. मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायाप्रमाणे त्याला पस्तावा झाला. आपण पाप केले, एका निर्दोष माणसाला धरून दिले, असे तो स्पष्ट शब्दांत बोलला. तीस रुपयेही त्याने परत केले. पस्तावा, कबुली, भरपाई. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना जे शिकवतो, त्यातले काय राहिले? पण तो ज्यांच्याकडे गेला, त्या याजकांनी त्याला सांगितले की, त्याच्याशी आमचा काही संबंध नाही, तुझे तू पाहा. माझ्यासारख्या धर्मगुरूला हे वाक्य वाचताना दर वेळी धडकी भरते. चुकलेल्या माणसासमोर दार लावणारे ते लोक मंदिरातले होते. प्रभूकडे परत जाता येईल, हे यहूदाला सुचलेच नाही, आणि त्याची आठवण करून देणारेही कोणी त्याच्याजवळ नव्हते.

पेत्राची चूक लहान नव्हती. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असताना त्याने प्रभूला तीनदा नाकारले. योहानाने त्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो. तो येतो पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी. तिथे प्रभूने स्वतः विस्तव पेटवला आहे, त्यावर मासळी भाजते आहे, भाकर आहे. भाजलेल्या मासळीचा वास काय असतो, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. प्रभू आधी जेवू घालतो. मग तीनदा विचारतो, आणि तेही 'असे का केलेस?' असे नव्हे, तर 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' एवढेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला. घाव उघडा पडला, पण खाऊपिऊ घातल्यानंतर, आपल्या माणसाच्या हातून. पेत्राने काही सिद्ध करून दाखवण्याआधीच मेंढरेही त्याच्या हवाली झाली.

आपल्या पवित्र सभेलाही हा क्रम लगेच उमगला नाही. इसवी सन ३२५ मधील निकेया परिषदेने, फारशी जबरदस्ती नसताना छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांसाठी बारा वर्षांचे प्रायश्चित्त ठरवले. तीन वर्षे नुसते देवशब्द ऐकणाऱ्यांत बसायचे, सात वर्षे दंडवत घालणाऱ्यांत, आणि पुढची दोन वर्षे प्रार्थनेत सामील व्हायचे, पण कम्युनियन नाही. मरणाऱ्याला मात्र शेवटचे कम्युनियन नाकारू नये, ही दयाही त्याच परिषदेने दाखवली. त्या काळी असे जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच घेता येत असे. परिणाम असा झाला की, पुष्कळ लोक ते मरणाच्या खाटेपर्यंत लांबणीवर टाकू लागले. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपात नेले. इसवी सन १००० च्या सुमारास पापनिवेदनानंतर लगेच क्षमा आणि प्रायश्चित्त नंतर, ही पद्धत रुळली. आज कन्फेशनमध्ये आपण जे करतो ते हेच. क्षमा मिळालेला माणूस बाकावर येऊन प्रायश्चित्त करतो. क्षमा मिळावी म्हणून तो ते करीत नाही.

"फादर, मग माणूस सोकावणार नाही का?" हा प्रश्न रास्त आहे. क्षमा म्हणजे हिशेब बुडवणे नव्हे. पवित्र सभेची शिकवण स्पष्ट आहे की, क्षमेने पाप जाते, पण त्याने झालेले सगळे नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करायचे असते, बदनामी केली असेल तर ज्याची केली त्याचे नाव सावरायचे असते. त्या तरुणाने भावांचे पैसे फेडलेच पाहिजेत, भले वीस वर्षे लागोत. आणि पुन्हा घराच्या व्यवहारावर त्याची सही लगेच नको, असे भाऊ म्हणाले, तर ते क्षमेविरुद्ध नाही. फरक एवढाच की तो हे सारे घरातला म्हणून करील, दाराबाहेरचा म्हणून नव्हे. सोकावतो तो बहुधा ज्याची चूक घरच्यांनी झाकली तो. क्षमा करायची तर आधी चुकीला चूक म्हणावे लागते. 'जाऊ दे, काही झालेच नाही' असे म्हणणाऱ्याने क्षमा केलेलीच नसते.

आणि क्षमा मिळाली म्हणजे माणूस एका दिवसात शिकतो असेही नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियातील एक प्रसंग सांगतो. पेत्र तिथे परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसत असे. पण याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांना भिऊन तो हळूच बाजूला झाला. वाड्यात दासीपुढे जी भीती होती, तीच ही. लोक काय म्हणतील! पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. पेत्राने काय उत्तर दिले, ते पौल लिहीत नाही. पण तोवर पेत्र ख्रिस्तसभेचा आधारस्तंभ झालेला होता, आणि त्या दिवसानंतरही ते काम त्याच्याकडेच राहिले.

मिस्सामध्ये आपण एकमेकांना शांती देतो. पुढचा, मागचा, शेजारचा, सगळ्यांकडे हात जातो. सख्खे भाऊ मात्र कधी कधी दोन टोकांच्या बाकांवर बसलेले असतात, आणि तेवढे अंतर चालून जायला त्या वेळी सवड नसते. मिस्सा संपल्यावर मात्र असते. आवारात चहाही असतो.