झाकोळलेली बुद्धी आणि आपला निवाडा

यकृताचा जुनाट विकार बळावला की पुष्कळदा रुग्णाची बुद्धीही झाकोळते. तो रात्री जागतो, दिवसा पेंगतो, नावे विसरतो, मायेच्या माणसांवर खेकसतो. आमच्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातील, गावांत अशा वेळी दोन निवाडे तयार असतात: ‘पुन्हा ढोसली’ किंवा ‘बाहेरचे लागले’. दोहोंतही उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

वस्तुस्थिती निराळी आहे. आतड्यात निर्माण होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. निकामी यकृताला ते साधत नाही आणि ते विष मेंदूपर्यंत पोहोचते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव किंवा झोपेची गोळी एवढे निमित्तही पुरते. हात पुढे करून मनगटे वर उचलायला सांगितली, तर पंजे फडफडतात. केवळ अमोनिया मोजून निदान होत नाही. रक्तातील साखर उतरणे, डोक्याला मार लागणे अशी अन्य कारणे डॉक्टर तपासून पाहतात. मग निमित्त दूर करणे, दिवसाला दोन-तीन वेळा सैल शौच होईल इतके लॅक्टुलोज आणि गरजेप्रमाणे रिफाक्सिमिन, असा उपचार चालतो. डाळ-दूध तोडण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. पुष्कळ रुग्ण काही दिवसांत भानावर येतात.

मग त्या भ्रमातील शिवीचा दोष कोणाचा? जाणीव आणि संमती यांवाचून पाप घडत नाही, असे नीतिशास्त्र सांगते. कोणी म्हणेल, दारू तर त्याने स्वेच्छेने घेतली! परंतु ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीने, यकृतात साचलेल्या चरबीनेही हीच अवस्था येते. जेथे दारूच कारण आहे, तेथेही पिण्याची जबाबदारी वेगळी आणि भ्रमातील शब्दांची वेगळी.

शुद्धीवर असताना ज्याने निदान अप्रत्यक्षपणे इच्छा दर्शविली, त्या रुग्णाला अभ्यंग द्यावे, असे १९८३ च्या धर्मसंहितेचा १००६ वा नियम सांगतो. म्हणजे ख्रिस्तसभा भ्रमातील माणसाच्या मागे उभा असलेला भानावरचा माणूस ओळखते. हीच कसोटी घरातही लावावी. झाकोळलेल्या अवस्थेत जमिनीच्या कागदावर त्याचा अंगठा घेणे ही चोरीच होय. उपचारांविषयी, वाटणीविषयी त्याचे मन विचारायचे ते तो शुद्धीवर असताना.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्याच्याकडे दोष नसला, तरी ती शिवी ऐकणाऱ्या पत्नीची जखम खरी असते. त्याला निर्दोष ठरवून आपले कर्तव्य संपत नाही; रात्रभर उशाशी जागणाऱ्या त्या माउलीजवळ बसायलाही कोणीतरी हवे.