भात आणि भाग

सज्जनहो, उतारवयात माणसाला काय हवे असते? अन्न, वस्त्र, औषध या गरजा उघड आहेत. त्या भागवणे हे मुलांचे कर्तव्यच. २००७ साली केंद्र सरकारने त्यासाठी कायदाही केला. परंतु दोन वेळचे जेवण आणि वेळेवर औषध मिळूनही पुष्कळ वृद्ध माणसे आतून सुकत चाललेली दिसतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर होती. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले. तेव्हा या दुःखाचे मूळ कशात आहे आणि भजनाने ते का हलके होते, याचा थोडा विचार करू.

'भजन' हा शब्द 'भज्' धातूपासून आला. भज् म्हणजे सेवा करणे, हे आपण जाणतोच. पण वाटून घेणे, वाट्याला येणे हाही त्याच धातूचा अर्थ. भाग, विभाग, भक्त, भक्ती ही सारी एकाच घरची मंडळी. आपल्या पानातला भातसुद्धा 'भक्त' या संस्कृत शब्दावरूनच आला. वाट्याला आलेले अन्न ते भक्त. आता पाहा, घरातल्या म्हाताऱ्याला भात मिळतो, भाग मिळत नाही. "तुम्ही स्वस्थ बसा हो, आम्ही बघतो," असे सून-मुलगा प्रेमानेच म्हणतात. पण स्वस्थ बसलेल्या माणसावाचून कुणाचे काही अडत नाही, आणि आपल्यावाचून कुणाचे अडत नाही हे कळणे, हेच म्हातारपणाचे खरे दुखणे.

आमच्या भागात ज्येष्ठांचे एक विरंगुळा केंद्र आहे. तेथे दर एकादशीला माझी कीर्तनसेवा असते. पहिली काही वर्षे मंडळी खुर्च्यांवर बसत, मन लावून ऐकत, शेवटी टाळ्या वाजवत आणि चहा घेऊन घरी जात. कौतुक पुष्कळ होई, पण शेजारच्या खुर्चीवर कोण बसते हे कुणाला ठाऊक नसे. एका आषाढात माझे टाळकरी आणि पखवाजी पावसामुळे वाटेत अडकले. टाळ आणि पखवाज केंद्रातच ठेवलेले असत. मी म्हटले, "माऊली, ज्याला जमेल त्याने टाळ घ्यावा." तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि हळूच म्हणाले, "महाराज, पखवाजाला हात लावू का?"

हे गृहस्थ गिरणी कामगार. परळच्या चाळीत त्यांचे भजनी मंडळ होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, पुढे चाळही सुटली, मंडळ मोडले. मुलाच्या घरी सुखात होते, पण पखवाज सुटला तो सुटलाच. त्या दिवशी बोटे दोन-तीनदा अडखळली खरी. तरी समेवर बरोबर आली. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ध्रुपद धरले. खुर्च्या मागे सरल्या, माणसे उभी राहिली. पुढच्या एकादशीला ते गृहस्थ तापाने आले नाहीत, तर तिघे जण त्यांच्या घरी जाऊन आले. म्हणाले, "लवकर बरे व्हा, ठेका अडलाय!" मैत्री जुळली ती येथे. टाळी आणि टाळ यांत एवढाच फरक आहे. टाळी वाजवणारा समोर राहतो, टाळ वाजवणारा सोबत येतो.

यावर कोणी विरक्त म्हणेल, "या वयात जुने पाश सोडायचे, की नवे जोडायचे? हीही आसक्तीच!" शंका रास्त आहे. परंतु चित्त प्रसन्न करण्यासाठी पतंजलींनी ज्या चार भावना सांगितल्या, त्यांत पहिली मैत्री. भागवतातील नवविधा भक्तीत सख्य आठवे, म्हणजे आत्मनिवेदनाच्या अगदी उंबरठ्यावर. आणि ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस मागणे मागितले, त्यातही जीवांचे परस्परांशी मैत्र मागितले. आसक्ती समोरच्याकडे तोंड करून मागत असते. मैत्रीत दोघे शेजारी उभे राहतात आणि दोघांचेही तोंड पांडुरंगाकडे असते.

दुसरी शंका याहून कठीण. या वयातली मैत्री म्हणजे लवकरच येणारा वियोग. मग नवे दुःख का ओढवून घ्यावे? आमच्यावरही ती वेळ आली. पखवाजी गृहस्थ गेले. त्या एकादशीला भजन बंद ठेवावे, असे काहींचे मत पडले. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बंद नका ठेवू. त्यांनी आयुष्यात एकदा बंद पडलेलं पाहिलंय, तेवढं पुरे." त्यांनीच शिकवलेले एक निवृत्त पोस्टमन त्या दिवशी पखवाजावर बसले. डोळ्यांना पाणी होते, पण ठेका चुकला नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, हे आपणा सर्वांस माहीत आहे. एकाचा पहारा संपला की दोघे परस्परांच्या पाया पडतात आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा संपला तो सप्ताहाबाहेर गेला, असे कोणी म्हणत नाही. त्याच्या पहाऱ्यावाचून सप्ताह अखंड झालाच नसता. दुःख होते, ते टळत नाही. पण हे असे दुःख होणे म्हणजे आपला कुणाशी तरी वाटा होता, याचीच खूण. ज्याचा कुठेच वाटा नाही त्याला हे दुःखही नाही, आणि तो सुखी आहे असेही दिसत नाही.

तेव्हा कीर्तनकार बंधूंना माझी विनंती एवढीच, की ज्येष्ठांच्या केंद्रात सेवेला जाल तेव्हा दोन टाळ जास्त न्या. आणि घरोघरीच्या माऊलींनो, संध्याकाळी हरिपाठाला बसाल तेव्हा आजोबांना नुसते ऐकायला बसवू नका. चाल त्यांना धरू द्या. आवाज कापरा असेल, तर घराने थोडे हळू म्हणावे. भात तर आपण वाढतोच, त्यांचा भागही त्यांना वाढावा.

रामकृष्णहरि.