मेहमान आणि घरचे

घरी मेहमान येणार म्हटले की आम्ही चादरी बदलतो, शेजारून कपबश्या आणतो. पण म्हाताऱ्या दादीला मागच्या खोलीत कोंडत नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीने तेच केले. झोपड्या पाडल्या, उरलेल्या फलकांआड झाकल्या, भिकाऱ्यांना हाकलले, शाळांना सुट्टी दिली. (हे शेवटचे आमच्या वर्गाला फार आवडले!) २००८ मध्ये पुण्यात बालेवाडीला युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा आम्हा सोलापूरकरांना हेवाच वाटला होता. आता २०३० साठी अहमदाबाद सजणार. आमच्या शहराने चार-चार दिवसांआड नळाला आलेले पाणी भरले आहे. तरी उद्या कुणी इथे भव्य स्टेडियम बांधतो म्हणाला, तर आम्ही टाळ्या वाजवू? बहुधा वाजवू. हलणारी झोपडी आमची नसेल, एवढ्याच भरवशावर.