रंगाआधी

पावसाळा ओसरला की आमच्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट तांबूस दिसू लागतो. गाडी पहाटे ससून डॉकवरून मासळी भरते, बर्फाचं पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकत राहतं, आणि उरलेला दिवस ती माहीमला, खाडीच्या तोंडाशी समुद्रवाऱ्यात उभी असते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, पृष्ठभाग सुकू देत नाही, म्हणून इथे गंज लवकर चढतो. शाफ्टवरचा मूळ रंग पातळ असतो, आणि चाकांनी उडवलेली खडी तोही ठिकठिकाणी सोलून काढते.

आता पासिंग जवळ आलंय. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आमची गाडी दरवर्षीच्या रांगेत आली आहे. पासिंगच्या आधी गाडीचं पोट काळं करून घ्यायचं ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. रंगाचा एक डबा, एक ब्रश, थोडा वेळ. तो डबा आणायला निघताना मनात प्रश्न उभा राहिला: हा रंग मी लोखंड टिकावं म्हणून लावणार आहे, की कोणाला काही दिसू नये म्हणून?

दोन्हीसाठी डबा तोच, हातही तोच. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. तो फक्त मला ठाऊक असणार, म्हणून विचारणाराही मीच असायला हवा.

नळीवरच्या वरवरच्या गंजाबद्दल मनात भीती नाही. शाफ्ट ही पोकळ पोलादी नळी. गिअरबॉक्समधून येणारा जोर ती मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेते. खरवडल्यावर तांबडी भुकटी निघाली आणि खाली धातू सपाट, टणक लागला, तर काळजीचं कारण नसतं. पापुद्रे सुटू लागले, बोटाला खड्डे लागले, की मग मात्र शाफ्ट उतरवून जाणत्या माणसाला दाखवावा. वरवरच्या गंजाचं काम साधं आहे: तारेच्या ब्रशने हाताने घासायचं, पॉलिश पेपर फिरवायचा, थिनरने पुसून रेड ऑक्साइडचा पातळ हात द्यायचा, तो सुकला की काळा रंग. घाई केली तर मात्र चूक होते. नळीवर वेल्डिंगने छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्या शाफ्टचा तोल राखतात. गंजाची गुठळी समजून एखादी उडवली तर गाडी वेगात थरथरू लागते. टॉप गिअरमध्ये हा शाफ्ट जवळजवळ इंजिनाच्याच वेगाने, मिनिटाला दोन हजारांहून जास्त वेळा फिरतो, तिथे थोडंसं वजन इकडचं तिकडे झालेलंही चालत नाही. शाफ्ट उतरवायचाच असेल तर आधी दोन्ही टोकांना खुणा करून ठेवायच्या, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही. शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असली तरी धरून राहत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं.

इथवर मन स्वच्छ आहे. अडचण पुढे आहे, शाफ्टच्या टोकांशी.

टोकांना क्रॉस असतात. मागचं चाक खड्ड्यात गेलं की शाफ्टचा कोन बदलतो, तो बदल हे सांधे झेलतात. क्रॉसच्या चार टोप्यांत सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगं असतात. सील फाटून आत पाणी गेलं, ग्रीस धुऊन निघालं, की रोलर कोरडे घासू लागतात आणि टोपीच्या कडेला लालसर पूड दिसते. नळीवरचा गंज ढळढळीत दिसतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. ही पूड चिमूटभर असते आणि तिचं दुखणं खोलवरचं असतं. पुढचा सांधा फिरताना सुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. मागे कोणी स्कूटरवर असेल, बाजूला एखादी शाळेची बस असेल.

आणि काळा रंग ही पूडच आधी झाकतो.

मी स्वतःला विचारलं, रंगाचे पैसे मी चटकन काढतो, मग क्रॉस बदलायचा म्हटलं की हात आखडता का होतो? रंग दिसतो, हे एक कारण. नीटनेटका मालक म्हणून चारचौघांत नाव होतं, ते मला आवडतं. दसऱ्याला आम्ही गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, आणि ती पूजा मी मनापासून करतो. पण ज्या सांध्यावर गाडीचा सगळा जोर जातो त्याच्यापर्यंत माझी भक्ती पोहोचते का? दुसरं कारण जास्त बोचतं. गाडी मी चालवत नाही. माहीम कॉजवेवरून भरल्या मालाने जाणारा माणूस दुसराच आहे, घरी त्याचीही वाट पाहणारी माणसं आहेत. धोका त्याचा आणि बचत माझी, असा हिशेब मी कधी कागदावर मांडला नसता, पण न पाहता रंग मारला तर तो आपोआप तसाच मांडला जाणार.

आपल्या शहराने असा हिशेब मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला आणि कामावरून घरी निघालेली, कामाला निघालेली माणसं गेली. त्याआधी त्या पुलाची रीतसर तपासणी झाली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरेल, असं त्यात म्हटलं होतं. मी मोठ्या पुलांचा जाणकार नाही, तिथल्या दोषांची वाटणी करणं माझं काम नाही. पण ‘किरकोळ’ हा शेरा किती सहज लिहिता येतो, ते माझ्या एका शाफ्टपुरतं मला कळतं. पाहून लिहिला तर तो निर्णय असतो. न पाहता लिहिला तर कागदावरचा रंग असतो.

म्हणून क्रम ठरवला आहे. आधी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुणार, मीठ आणि मासळीचा चिकटा निघेपर्यंत, आणि नीट सुकू देणार. मग ड्रायव्हरला सोबत घेऊन शाफ्ट हाताने फिरवून, हलवून पाहणार. सांध्यात जराही खेळ दिसला, पूड दिसली, तर आधी क्रॉस आणि मग रंग. नळी घासून रंगवणार, टोप्या आणि सील उघडेच ठेवणार. पुढच्या वर्षी तिथे पूड दिसायची असेल तर ती दिसली पाहिजे. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला मी सांगणार की ही गाडी मासळीवर चालली आहे. त्याने त्यासाठी पैसे कमी केले तरी चालेल.

ड्रायव्हरला एक गोष्ट आजच सांगितली. क्लच सोडताना खट् आवाज आला, किंवा वेग घेताना पायाखाली थरथर जाणवली, तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची आणि मला फोन करायचा. तो म्हणाला, “भाऊ, माल खराब होईल.” होऊ दे म्हटलं, ते नुकसान माझं, तुझ्या पगारातून एक रुपया जाणार नाही.